एबेनेसर प्रिदेरखच्या हातातलं बायबल

"कोरड्या फडक्यानंच पूस हं मला, लौरी. पाणी लावशील तर खबरदार!"

माझे बाबा, एबेनेसर प्रिदेरख, हे त्यांच्या तसबिरीबद्दल सांगायचे. शेवटच्या दुखण्यात त्यांनी माझ्याकडून आणखी एक वचन घेतलं. "चॅपलला मी नकोसा झालो तर मला चुलीत जाऊ देऊ नकोस. 'काळ्या मेंढ्या'त शेकोटीच्या वर टांग. तिथं ऊब असते."

'काळा मेंढा' म्हणजे आमच्या गावचा गुत्ता. मी हो म्हटलं. जन्मभर चॅपलमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरात, गाण्याचा सूर धरणारा माणूस तिथं कुणाला नकोसा होणार होता?

तेव्हापासून रोज सकाळी एक स्तोत्र म्हणायचं, चॅपलच्या मागच्या खोलीत जाऊन बाबांना कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि मगच तोंडात घास घालायचा, हा माझा नेम आहे. बाबांच्या शेजारी चॅपलचे कारभारी, डीकन हेझकाया प्यू यांची तसबीर आहे. दोन्ही एकाच फिरत्या चिताऱ्याच्या हातच्या. तो हिवाळाभर घरात बसून नुसती धडं रंगवून ठेवी आणि उन्हाळ्यात खोऱ्याखोऱ्यांतून हिंडत त्यांवर गिऱ्हाइकांची डोकी बसवी. त्यामुळे बाबांचा आणि डीकनसाहेबांचा कोट एकच, सोनेरी बटणं तीच आणि पोटही तेच. प्रत्यक्षात बाबा म्हणजे नुसती काठी. दोघांच्याही हातात जाडजूड काळं बायबल.

यंदा प्रवचनांची मोठी सभा आमच्या गावी होती. बाहेरगावचे पाळक येणार, म्हणून आदल्या दिवशी आम्ही बायका चॅपल घासायला जमलो. मी खिडकीच्या काचा पुसत होते. वळून बघते तो डीकनसाहेबांच्या जेमायमाबाई कच्चा बटाटा कापून बाबांवर घासताहेत. आमच्याकडे तसबिरी अशाच उजळतात.

"नको, नको! बाबांना ओलं चालत नाही!"

"अगं, आता कसली सर्दी होतेय त्यांना?" त्या जोर लावत म्हणाल्या. "बघ, मळ कसा भराभरा सुटतोय."

तो मळ नव्हता, बायबल होतं. आधी त्याच्या कडा गेल्या, मग पुठ्ठा गेला, आणि बाबांच्या हातात उरला फेसानं काठोकाठ भरलेला बिअरचा पेला. फेस असा ताजा, की म्हाताऱ्या कॅट्रिननं नकळत ओठ चाटले.

"तरीच!" ती म्हणाली. "मी म्हणायची, शास्त्र वाचताना माणूस एवढा खुशीत कसा?"

तसबीर काढली तेव्हा गावानं दारू सोडलेली नव्हती. दारू न पिण्याच्या शपथेचं वारं नंतर आलं. तेव्हा चिताऱ्याला परत बोलावून, अंड्यात कालवलेल्या रंगानं घाईघाईत पेल्यावर बायबल चढवलं असणार. बाबांना कोरडं फडकं का हवं होतं, ते मला आत्ता उमगलं.

आरडाओरडा ऐकून डीकनसाहेब धावत आले आणि लालबुंद झाले. "शपथ घेतलेल्या चॅपलमध्ये बिअर? उद्या पाळक येणार आहेत! जाळून टाका ती!"

मी बाबांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. तेवढ्यात कॅट्रिन गोड आवाजात म्हणाली, "डीकनसाहेब, तुमचंही बायबल जरा मळलंय हो."

सगळ्यांच्या माना वळल्या. ते बायबल धरलेली बोटं मीही तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिली. पेल्याच्या कानाभोवती वळावीत तशी ती वळलेली होती. बायबल असं कुणी धरत नाही. जेमायमाबाईंनी सावकाश दुसरी फोड उचलली.

"बटाटा खाली ठेव, जेमायमा."

"का हो?"

"ठेव म्हटलं ना!"

"बाबांना मी घेऊन जाते," मी हळूच म्हटलं.

"ने, बाई, ने. लवकर ने," डीकनसाहेब कपाळ पुसत म्हणाले. "आणि कुणाच्या नजरेस पडू देऊ नकोस."

एवढ्याला मात्र मी हो म्हटलं नाही.

मी बाबांना शालीत गुंडाळलं, काखेत मारलं आणि बाहेर पडले. जन्मात त्या गुत्त्यासमोरून गेले तरी मी नजर वर केलेली नाही. पण शपथ घेतलीय ती न पिण्याची. उंबरा न ओलांडण्याची नाही. पुलापाशी घराची वाट उजवीकडे जाते. मी तोंडातल्या तोंडात स्तोत्र सुरू केलं आणि डावीकडे वळले.