टाकीवरची निळी रेघ

माझी नोकरीच संशय घेण्याची होती. भूमच्या दूध शीतकरण केंद्रावर मी टेस्टर होतो. सकाळी गावोगावचे कॅन उतरले की प्रत्येकातलं मापभर दूध काढायचं, त्यात लॅक्टोमीटर सोडायचा, आणि घालणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता सांगायचं, पाणी आहे. समोरचा देवाची शपथ घेई, लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला निघे. मी दुधाकडेच बघे. बारा वर्षांत माझा अंदाज तीनदा चुकला असेल, आणि तेही मी अजून कबूल केलेलं नाही.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात तर दुधात घालायलाही लोकांकडे पाणी उरलं नव्हतं, त्यामुळे माझं काम जरा हलकं झालं होतं. एक दिवसाआड टँकर येई आणि आमच्या क्वार्टरला घरटी चार घागरी मिळत. केंद्रावर येणारं पाणी यंत्राचं आणि कॅन धुवायचं, त्याला हात लावायची सोय नव्हती. अशा दिवसांत माझ्या घरात पाण्यानं भरलेली दोन फूट लांब काचेची टाकी होती, आणि तिच्यात नऊ मासे होते.

टाकी माझ्या बायकोची, अयोध्याची. तिचा भाऊ सोलापुरात काच कापायच्या दुकानात होता, त्यानं ती करून दिली होती. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. लोक काय काय सांगत, पण ती त्यातलं काही मनावर घेत नसे. रोज संध्याकाळी स्टूल ओढून टाकीसमोर बसे. दोन सोनमासे होते, बाकीचे काळे, बोटाच्या पेराएवढे. ते मासे मेले असते तर ती रडली नसती, पण ते स्टूल तिनं उचलून ठेवलं असतं, आणि मला त्याचीच धास्ती होती.

एप्रिलमध्ये तिच्या आईचा पाय मोडला आणि तिला परंड्याला जावं लागलं. जाताना तिनं मला सांगितलं, "सकाळी चिमूटभर खाद्य टाका. टाकीत दुसरं काय बी टाकू नका. पाण्याचं तुमी बघू नका, त्याची सोय हाय."

सोय म्हणजे माझं झाकण, असं मी समजलो. पाणी उन्हानं आटू नये म्हणून टाकीवर पत्र्याचं झाकण मीच करून घेतलं होतं. ती एसटीत बसली, मी घरी आलो आणि नमुन्याच्या बाटल्यांवर नंबर घालायची निळी पेन्सिल घेऊन काचेवर पाण्याच्या पातळीला रेघ मारली. दुष्काळात पाण्यावर कुणाचा डोळा नसतो?

दुसऱ्या दिवशी मी आणखी एक शहाणपण केलं. बाणगंगेच्या पात्रात एक डबकं आटत आलं होतं, तिथून एक दगड उचलून आणला. भोकाभोकांचा, छान दिसणारा दगड. अयोध्या परत येईल तेव्हा टाकीत डोंगर बघून खूश होईल, असा विचार. धुऊन टाकीत ठेवला. मासे त्याच्या भोवती फिरू लागले आणि मला माझंच कौतुक वाटलं.

तिसऱ्या सकाळी मासे आठ होते.

मी पुन्हा मोजले. आठच. दोन दिवसांनी सात. वाळूवर एका शेपटीचा तुकडा पडलेला. मांजर म्हणावं तर झाकण जड. मग मी आईकडे बघू लागलो. आई, कस्तुराबाई, माळकरी. घरात मासे म्हणजे तिला विटाळच, मग ते जिवंत असोत नाहीतर शिजलेले. पण ती टाकीच्या बाजूला फिरकतही नसे. विचारलं तेव्हा म्हणाली, "मला त्याच्यात हात घालायचा आसता तर तुझ्या बायकूच्या तोंडावर घातला आसता."

हे खरं होतं. आईला चोरून काही करायची सवयच नव्हती.

राहिलं शेजार. आमच्या भिंतीला भिंत लागून मच्छिंद्र राहत होता, केंद्रावर यंत्र चालवणारा. घर बौद्धांचं, माणूस स्वभावानं थंड आणि कामाला पक्का. आम्ही दोघं एकाच सायकलवर कामाला जायचो, मी पुढे, तो मागे. त्याची बायको सरूबाई आणि अयोध्या यांचं तर बहिणीबहिणींसारखं होतं. आई दुपारी मारुतीच्या देवळात पोथीला जाई, तेव्हा घराची चावी सरूवहिनीकडे राही. आई त्यांच्या घरचं पाणी पीत नसे. मी पीत असे, आणि पितो हे चारचौघांत सांगतही असे.

तरी माझा डोळा तिकडे वळला. एका दुपारी डबा विसरला म्हणून घरी आलो तर टाकीचं झाकण जरा तिरपं होतं. खाली फरशीवर पाण्याचे थेंब, आणि उंबऱ्यापर्यंत ओल्या पावलाची एक खूण. बाईचं पाऊल. आई तर देवळात. मी मासे मोजले. सहा.

झालं, माझ्यापुरता निकाल लागला. शेजारी जाऊन विचारावं, हे मला सुचलं नाही, कारण टेस्टर विचारत नसतो, पकडतो. आणि आता खोटं कशाला बोलू, माझ्या मनात काय आलं ते सांगतो. मनात आलं, हे लोक मासे खातात. पेराएवढा मासा, फोडणीलाही पुरला नसता, पण हे गणित मी केलं नाही. बारा वर्षं ज्याच्या घरचं पाणी पिण्याचा मोठेपणा मिरवला, त्याच्याबद्दल पहिला विचार हा आला. कावीळ झाली की सगळं पिवळं दिसतं म्हणतात, पण माझी कावीळ त्या दिवसाची नव्हती, जुनी असावी.

दुसऱ्या दिवशी केंद्रावर पाच-सहा जण चहाला बसले होते. मी हसत हसत म्हणालो, "काय मच्छिंद्र, काल कालवण कशाचं होतं? वास आमच्याकडं येत होता."

सगळे हसले. मच्छिंद्र हसला नाही. त्यानं कप खाली ठेवला, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "बेसन हुतं. लई दिवस झालं, बेसनच हाय. त्येला पाणी कमी लागतं."

त्याच संध्याकाळी मी बाजारातून नवं कुलूप आणलं. आईला सांगितलं, चावी कमरेला लाव, कुणाकडे देऊ नकोस. चावी घेताना आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी दुसरीकडे बघू लागलो. जुनी चावी न्यायला शेजारी गेलो तेव्हा सरूवहिनी दारातच भेटल्या.

"कुलूप बदललंय," मी म्हणालो. "जुनं बिघडलं होतं."

"कालपतोर तर नीट लागत हुतं, भाऊजी," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन चावी घेऊन आल्या. माझ्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून मच्छिंद्र पायी जाऊ लागला. सायकल हलकी झाली होती, पण चढाला मला दम जास्त लागे.

आता चोरी थांबणार, म्हणून मी निवांत झालो. दोन दिवसांनी मासे पाच. नवं कुलूप, चावी आईच्या कमरेला, आणि मासे पाच.

मी टाकीसमोर अयोध्याचं स्टूल ओढून बसलो. तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. पाणी निळ्या रेघेच्या खाली गेलं होतं, बोटभर. मी तिथं दुसरी रेघ मारली. दुसऱ्या दिवशी पाणी आणखी अर्धं बोट उतरलं, तिसरी रेघ. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी अर्धं बोट, चौथी रेघ. झाकण तेच, ऊन तेच. अयोध्या गेल्यापासून कुलूप बदलेपर्यंत, अकरा दिवस, पाणी पहिल्या रेघेवर जागच्या जागी होतं. भर एप्रिलात उघड्या माळावरच्या घरात पाणी जागच्या जागी. आणि हे मी माझ्या झाकणाच्या नावावर जमा केलं होतं.

दुधात तांब्याभर पाणी पडलं तर मला कळतं. माझ्याच घरात अकरा दिवस कुणीतरी पाणी घालत होतं आणि मला कळलं नाही.

त्याच वेळी दगडाच्या पायथ्याशी एक खेकडा दिसला. रुपयाएवढा, फिकट, उलटा पडलेला. चिमट्यानं काढला तर मेलेला. तर हा चोर होता. माझ्याच दगडात बसून, मीच आणलेला. साप साप म्हणून भुई धोपटावी तसं मी भलतीकडेच धोपटत राहिलो होतो. पण निदान मेला तरी, असं म्हणून मी तो दाराबाहेर टाकायला निघालो.

आईनं हटकलं. "काय हाय त्ये?"

"खेकडा. मासे ह्यानंच खाल्ले. मेलाय आता."

आईनं लांबूनच बघितलं. "हातात वजन लागतंय का?"

लागत नव्हतं. कागदाएवढा हलका, आतून पोकळ.

"कात हाय ती," आई म्हणाली. "खेकडा मेला न्हाय, वाढलाय. आत बसला आसंल दगडात. सरूला बोलीव, तिला काढता यील. माझ्यानं न्हाय व्हायचं त्ये."

मी काचेवरच्या चार रेघांकडे बघितलं. मग विचारलं, "आई, टाकीत पाणी कोण घालत होतं?"

"कोण म्हंजी? सरूच की. तुझी बायकू जाताना तिला सांगून गेली. रोज दोन तांबे, तिच्या घागरीतलं. आपल्या घागरीला हात लावला तर मी बोलंन म्हून तिच्या घागरीतलं."

"तुला माहीत होतं?"

"मला काय डोळं न्हाईत? म्या घरात आसले की तिला संकोच. म्हून दुपारी देवळात जाऊन बसायची. पोथी तर गेल्या म्हैन्यातच संपलीया."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते मी ऐकून होतो, भोगलं नव्हतं. मला आईचा राग आला, तिनं आधी सांगितलं नाही म्हणून. मग कळलं की मी तिला विचारलंच नव्हतं, मी फक्त मासे कुठे गेले ते विचारलं होतं. आणि शरम वाटली, अशी की कान तापले. जी बाई त्यांच्या हातचं पाणी पीत नव्हती, ती त्यांना वाट मोकळी करून देत होती. आणि मी, पाणी पिणारा, कुलूप लावत होतो.

शेजारी गेलो. सरूवहिनी तांदूळ निवडत होत्या. मी सांगितलं, दगडात खेकडा आहे. 

त्या आल्या, पण उंबऱ्याशी थांबल्या. "या ना आत," मी म्हणालो.

"न्हाय. दगड घमेल्यात घालून भाईर आणा."

आणला. त्यांनी अंगणात बसून दोन भोकं ओल्या मातीनं लिंपली, तिसऱ्यात काडी घालून हळू हळू फिरवत राहिल्या. थोड्या वेळानं एक नांगी आली, काडीला धरून. मग सगळा खेकडा, काळसर, अंगावरचं नवं कवच अजून मऊ. त्यांनी तो मागून दोन बोटांत धरला. मी घमेलं पुढे केलं.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "ह्यो म्या घरी नेते. आज कुणी इचारलं कालवण कशाचं, तर सांगता यील."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी नवी चावी खिशातून काढली. आईकडून मागून आणली होती.

"वहिनी, माझं चुकलं. ही चावी तुमच्याकडं राहू द्या. पहिल्यासारखी."

त्यांनी चावीकडे बघितलं, हात पुढे केला नाही. "तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या, भाऊजी. उद्या काय हरवलं, तर पुन्हा आमच्यावर यील." एवढं बोलून त्या गेल्या, दोन बोटांत खेकडा धरून.

टँकर त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आमच्या घागरीत पिण्यापुरतं होतं. टाकीवर पाचवी रेघ पडली.

संध्याकाळी परंड्याच्या गाडीनं अयोध्या आली. ती यायच्या आधीच सगळं मनात जुळवून ठेवलं होतं मी. दगड, खेकडा, कात, मासे पाच राहिले ते कसे. ती मासे मोजेल आणि विचारेल, मग सांगायचं.

तिनं पिशवी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि टाकीपाशी गेली. मासे मोजले नाहीत. काचेवरच्या रेघांवरून वरून खाली बोट फिरवलं, शेवटच्या रेघेवर थांबवलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "सरू गावाला गेलीया का?"

"नाही," मी म्हणालो. "इथंच आहे."