चमच्याचा गजर

सातवं प्रकरण माझ्या टेबलावर आलं तेव्हा डबा नुकताच खाऊन झाला होता, ते एक बरं. नाहीतर घास उतरला नसता.

मी छापखान्यात मुद्रितं तपासते. तीस वर्षं झाली. लोकांच्या पुस्तकांतल्या वेलांट्या दुरुस्त करायच्या, रफार जागेवर बसवायचे आणि लेखकाच्या मजकुराला हात लावायचा नाही, हा या कामाचा धर्म. लेखक गाढव असला तरी चालेल, ‘गाढव’ शुद्ध छापलं गेलं पाहिजे. हे मला कुठल्या शाळेने शिकवलं नाही. शाळेने मला फक्त नापास केलं, तेही गणितात दोनदा.

ह्या खेपेचा लेखक माझा सख्खा धाकटा भाऊ होता.

भाऊ एका मोठ्या कंपनीचा प्रमुख आहे. सकाळी कंपनी चालवतो आणि संध्याकाळी शिस्त, विश्वास आणि चिकाटी यांवर व्याख्यानं देतो. लोक वह्या घेऊन ऐकायला येतात. त्या व्याख्यानांचं त्याने पुस्तक केलं, ‘पहाटेचा माणूस’, आणि ते मुद्दाम आमच्या छापखान्याला दिलं. “ताई, तुझ्या मालकांना सांगून ठेव. माझं पुस्तक तूच तपासायचं. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही.” मी दोन दिवस हवेत होते. खोटं कशाला सांगू, मी वाट बघत होते. तीनशे पानांत कुठेतरी एक ओळ माझी असेल. प्रस्तावनेच्या शेवटी, आभारांच्या गर्दीत, कुठेही. फार नाही, एक ओळ.

आधी अर्पणपत्रिका आली. ‘माझ्या गजराच्या घड्याळाला.’ म्हटलं, चला, जवळपास आलाय.

मग सातवं प्रकरण आलं. ‘एक घर, एक घड्याळ, दोन मुलं.’

‘आम्ही दोन भावंडं आणि घरात घड्याळ एकच. पहाटे साडेचारला ते वाजायचं : ठण, ठण… ठण. मी उठायचो. माझी बहीण कूस बदलायची. अन्न एक, छप्पर एक, शाळा एक. फरक फक्त त्या क्षणाचा. आज मी कुठे आहे आणि ती कुठे आहे, हे सांगायला नको.’

सांगायला नको म्हणून पुढे दीड पान सांगितलं होतं.

मी ते दीड पान तपासलं. दोन अनुस्वार राहिले होते, ते दिले. ‘आळशी’मधला ‘शी’ पहिला छापला होता, तो दुसरा केला.

*

त्या घड्याळाची गोष्ट अशी. बाबांनी ते भावासाठी आणलं, तो पाचवीत गेला तेव्हा. डोक्यावर दोन घंटा आणि मधे एक इवलीशी हातोडी. मी त्याच्याहून दीड वर्षाने मोठी, म्हणून घड्याळाला चावी द्यायचं आणि ते पुसायचं काम माझ्याकडे. पुसतानाच ते पहिल्याच दिवशी, एकदाही वाजायच्या आधी, माझ्या हातून पडलं. काच शाबूत राहिली, काटे चालू राहिले, फक्त हातोडीची दांडी मोडली. बाबा मारकुटे नव्हते, पण गप्प बसायचे, आणि त्यांचं गप्प बसणं चार-चार दिवस चालायचं. मी हातोडी डिंकाने चिकटवली. दिसायला धडधाकट, कामाला शून्य. आमच्या घरात अशी माणसंही होती, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

प्रश्न उरला साडेचारचा. पहिल्या रात्री मी निजलेच नाही. वेळ झाली तशी ओट्यावरचा स्टीलचा चमचा आणला आणि घंटेवर मारला. ठण, ठण. मग थांबून कपाटाच्या कडेने डोकावले. आमच्या दोन खाटांच्या मधे कपाट होतं आणि घड्याळ माझ्या बाजूच्या फळीवर. भाऊ हलला नव्हता. म्हणून तिसऱ्यांदा मारला. ठण. तो चुळबुळत उठला आणि मी चमच्यासकट पांघरुणात.

म्हटलं, आजचा दिवस निभावला, उद्या बाबांना सांगू. ते उद्या सहा वर्षं चाललं.

जाग कशी यायची? झोपताना दोन पेले पाणी प्यायचं. लोकांची शिस्त मनात असते, माझी ओटीपोटात होती. पुढेपुढे पाणीही लागेना. दोनदा मारायचं, थांबून बघायचं, तिसऱ्यांदा मारायचं. दिवा लावून तो मोठ्याने वाचायला बसला की मला परत झोप लागायची नाही. ती झोप मग वर्गात यायची, नेमकी गणिताच्या तासाला. पेंगते म्हणून शाळेत माझं नाव ‘पेंगी’ पडलं. भावाने ते घरी आणलं आणि घराने ते ठेवून घेतलं.

तो पहिला आला, वसतिगृहात गेला. तोवर साडेचारची सवय त्याच्या हाडात मुरली होती. पुढचं सगळं त्याचं स्वतःचं, ते मी नाकारत नाही. मी छापखान्यात आले. चमचेगिरी करून माणसं वर चढतात म्हणतात. मी तर सहा वर्षं केली.

*

मालकांनी सातव्या प्रकरणावर नजर टाकली आणि लाल पेनने ‘ठण, ठण… ठण’ खोडून समासात ‘ट्रिंग’ लिहिलं.

“बाई, गजर कधी ठणठणतो का? शाळेची घंटा आहे का ती?”

“लेखकाने तीन ठिकाणी तसंच लिहिलंय.”

“लेखक मोठा माणूस आहे. मोठ्या माणसांना आवाजबिवाज आठवत नसतात.” मग जरा घुटमळून म्हणाले, “ह्यातली ती बहीण म्हणजे…”

“त्याला एकच बहीण आहे, मालक.”

मालकांना एकदम खोकला आला.

मी मात्र त्या खोडलेल्या शब्दाखाली टिंबं दिली आणि समासात लिहिलं, ‘आहे तसे ठेवा’. तिन्ही ठिकाणी. खोडलेलं परत हवं असेल तर आमच्यात तशी खूण करतात. मला आतून हसूच आलं. बाबा आता नव्हते, ते जुनं घरही नव्हतं, पण माझा चमचा त्याच्या कानात जसाच्या तसा होता, मधल्या थांब्यासकट. ज्याला आवाज इतका आठवतो त्याला कधीतरी हातही आठवेल, असं मला वाटलं. माझी एक ओळ म्हणजे हीच. तीन शब्दांची असली म्हणून काय झालं.

*

प्रकाशनाच्या आधी चार दिवस भाऊ घरी आला. घरी म्हणजे मी आणि आई राहतो तिथे. बूट न काढता दारातच उभा.

“ताई, ते घड्याळ आहे ना गं?”

“आहे. कपाटावर.”

“दे मला. नाही, तूच आण त्या दिवशी, गाडीत हिंदकळेल. मस्त कल्पना आहे. कार्यक्रम दुपारी बरोबर साडेचारला, मंचावर मी गजर वाजवणार आणि त्या आवाजावर पुस्तक उघडायचं!”

“ते वाजत नाही रे.”

“तेल घाल, वाजेल. तुझ्यासारखंच आहे ते, हलवल्याशिवाय उठत नाही.” तो हसला. मग त्याला सातवं प्रकरण आठवलं असावं. “आणि ते मनाला लावून घेऊ नकोस हं. लोकांना उदाहरण लागतं. वाईट उदाहरणाशिवाय चांगलं उठून दिसत नाही.”

“मी काय म्हणते, ऐक. ते कधीच वाजत नव्हतं.”

“काय?”

“घड्याळ. तुझं ते घड्याळ. कधीच…”

“पेंगे!” तो अगदी लाडाने म्हणाला. “तुला काय माहीत ते वाजायचं की नाही? तू घोरत असायचीस!”

आई खाटेवर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ती मान वर न करता म्हणाली, “अरे, बस तरी घटकाभर. चहा टाकते.”

“नको आई, बैठक आहे.” आणि गेला.

दोन दिवस घड्याळ टेबलावर माझ्याकडे बघत होतं. तसंच न्यायचं. त्याने कळ दाबायची, भरल्या सभागृहात काहीही वाजायचं नाही, आणि मग मी उठून सांगायचं. मी मनातल्या मनात ते भाषण तपासूनही ठेवलं होतं, एकही चूक नव्हती त्यात. फक्त दर वेळी मला भाषणाच्या आधीची ती शांतता दिसायची, आणि त्या शांततेत त्याचा चेहरा. तो चेहरा साडेदहा वर्षांचा असायचा, झोपेने सुजलेला.

तिसऱ्या दिवशी मी घड्याळ दुरुस्तीला नेलं.

घड्याळवाला म्हातारा, डोळ्याला भिंग अडकवलेला. त्याने झाकण उघडलं आणि म्हणाला, “हातोडी मोडून जमाना झालाय. पण बाई, ह्या घंटेवर खळगा कसला? आतून नाही, बाहेरून. एकाच जागी हजारदा कुणीतरी ठोकलंय.”

“चमचा,” मी म्हटलं.

“कोण मारायचं?”

“मी. सहा वर्षं.”

त्याने भिंग काढलं, माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. “मग दुरुस्त कशाला करता? तुमचा हात अजून चालतोय की.”

आजवर एवढ्याच एका माणसाला मी हे सांगितलं होतं, आणि त्याला माझं नावसुद्धा माहीत नव्हतं. त्याने नवी हातोडी बसवली.

*

सभागृह भरलं होतं. मी आणि आई तिसऱ्या रांगेत. भाऊ सुरेख बोलतो, ऐकत राहावं असं. सातवं प्रकरण त्याने पाठच केलं होतं. ‘बहीण कूस बदलायची’ला हशा आला. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं.

“आणि ती आज इथे आली आहे! वेळेवर!” पुन्हा हशा. “ताई, ऊठ. उभी राहा.”

मी उभी राहिले. टाळ्या झाल्या. शेजारच्या बाईंनी प्रेमाने माझ्या हातावर थोपटलं, आजाऱ्याला थोपटतात तसं.

साडेचार वाजले. त्याने कळ दाबली.

ट्रर्रर्रर्र.

लख्ख, कोरडा, न थांबणारा आवाज. सगळे टाळ्या वाजवत होते. भाऊ वाजवत नव्हता. त्याने मान तिरकी केली, कान घड्याळाकडे नेला, आणि त्याच्या कपाळावर एक आठी आली. मी खुर्चीत पुढे सरकून बसले. आता. आता त्याला आठवणार.

“आवाज जरा…” तो म्हणाला. मग हसला. “घड्याळही म्हातारं झालं!”

पुस्तक उघडलं गेलं. आई माझ्याकडे झुकली आणि हलकेच म्हणाली, “चमच्याने बरं वाजायचं.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “तुला माहीत होतं?”

“पहिल्या आठवड्यापासून. चमचा परत ठेवायचीस, पण उलटा ठेवायचीस.”

“मग बोलली का नाहीस? मी नापास होत होते आई. दोनदा झाले.”

“त्याला उठवणं भाग होतं.” आईने पदर सारखा केला. तिला माझ्या प्रश्नाचं खरोखरच नवल वाटलेलं दिसलं. “आणि तू काय, उठतच होतीस.”

*

पुस्तक खपलं. दीड महिन्यात दुसरी आवृत्ती निघाली. भावाकडून दुरुस्त्यांचा कागद आला, वर चिठ्ठी, ‘ताई, तुझ्या नजरेतून काही सुटत नाही, शाबास! फक्त माझीच एक चूक राहिली.’

खाली एकच दुरुस्ती होती. ‘ठण, ठण… ठण’च्या जागी ‘ट्रर्रर्र’ करावे, तिन्ही ठिकाणी. पुढे कारण : ‘माझ्या आठवणीतली चूक. घड्याळ प्रत्यक्ष ऐकल्यावर लक्षात आली.’

मालकांनी माझ्या खांद्यावरून वाचलं. “बघा! मी तेव्हाच म्हटलं होतं. तुम्हीच हट्ट धरलात.”

“हो,” मी म्हटलं. “माझंच चुकलं.”

लेखकाचा मजकूर, लेखकाची दुरुस्ती. मी लाल पेन घेतलं. शब्दावर रेघ मारायची आणि समासात नवा शब्द लिहायचा, एवढंच काम. पहिल्या जागी केलं. दुसऱ्या जागी केलं. मग थांबले आणि मान वळवून दाराकडे बघितलं, कुणी आलंय का म्हणून. कुणी आलं नव्हतं.

मग तिसऱ्या जागी केलं.