खलाशी परत येतो का

परतवाड्याच्या कॉलेजात बीएच्या शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा चालू होती. इंग्रजी वाङ्मयाच्या खोलीबाहेर नीलम भिंतीला टेकून उभी होती. मागच्या वर्षी आत गेल्यावर तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता आणि अख्खं वर्ष वाया गेलं होतं. "औंदा नाई झालं तं घरीच बस," बाबांनी सांगून टाकलं होतं.

दार उघडून सुगत बाहेर आला. पोरं त्याच्याभोवती जमली.

"मॅडम खलाशाच्या कवितेचंच इचारून राहिली. मी धडाधड सांगून टाकलं."

"काय सांगतलं?"

"काय म्हंजे? येते ना तो परत! बायको दार उघडते, खेळ खतम. पण मॅडमचं तोंड पाह्यजा, कारलं खाल्ल्यावानी."

इंग्रजी शिकवणाऱ्या ढोके सरांच्या नोट्समधलं हे उत्तर नीलमने लगेच ओळखलं. सर वर्गात नोट्स सांगत आणि सगळे त्याच पाठ करत. मूळ कविता कोणी उघडतच नसे. नापास झाल्यावर नीलमने मात्र ती शब्दकोश घेऊन वाचली होती. खलाशी परत येत नाही. शेवटी बायको उघड्या दारात उभी असते, आणि समोर नुसता समुद्र. सरांच्या नोट्स चुकल्या होत्या. हे ती कोणाजवळ बोलली नव्हती. तिला पुन्हा परीक्षेला बसू द्या म्हणून घरी येऊन बाबांना समजावणारे ढोके सरच होते. आणि आत ते मॅडमच्या शेजारीच बसले होते.

"नीलम, तुयं नाव पुकारलं ना वं, जाय," सुगत म्हणाला.

अकोल्याहून परीक्षक म्हणून आलेल्या मॅडमनी पुस्तकातल्या कवितेवर बोट ठेवून इंग्रजीत विचारलं, "शेवटी काय होतं?"

सर तिच्याकडे पाहून मान हलवत होते, सांग सांग म्हणून. नीलमने ओढणीचं टोक मुठीत आवळलं. पाठ केलेलं वाक्य जिभेवर तयार होतं. ते म्हटलं की सुटका.

"तो येत नाही," ती इंग्रजीत म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही. तिने पुन्हा सांगितलं.

सरांची मान हलायची थांबली.

"मग बाकी सगळे येतो म्हणतात ते?" मॅडम आता मराठीत बोलल्या. "कोणी सांगितलं त्यांना?"

सरांचं नाव घ्यायचं नाही म्हणून नीलमने खाली पाहिलं. मागच्या वर्षीसारखं तोंड पुन्हा बंद होत चाललं होतं.

"मी सांगितलं," सर म्हणाले. त्यांनी पुस्तक जवळ ओढून कवितेचं शेवटचं पान वाचलं. बराच वेळ वाचलं. मग ते तिच्यासमोर सरकवलं. "बोल बेटा. मलाही ऐकू दे."

आता नोट्समधलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं. नीलमने पानावर हात ठेवला आणि ती अडखळत, स्वतःच्या शब्दांत, इंग्रजीत बोलू लागली.