पुढे सरकलेली सभा

किटोन कुंभाराने हाताची ओली माती अंगरख्याला पुसली आणि तो बोलायच्या दगडावर चढला. समोरच्या उतारावर सगळं अथेन्स बसलं होतं.

"मोठ्याने बोल रे," खालून दोर्कोन गवंडी म्हणाला. "बाजारात मडकी विकताना बरा ओरडतोस."

चार माणसं हसली. किटोनही हसल्यासारखं करून खाली पाहू लागला.

शहराच्या जुन्या सत्ताधीशाला सगळे धनी म्हणत. त्या धन्याने ज्या परक्यांना शहरात नागरिक करून घेतलं होतं, त्यांना ठेवायचं की काढायचं, हे आज ठरणार होतं. किटोन त्यांच्यातलाच, एका बेटावरून आलेला. नागरिकांच्या यादीतून नाव काढलं तर त्याच्या मुलांना या उतारावर कधीच बसता येणार नव्हतं.

धन्याने शहर बळाने घेतलं होतं आणि पुढे तो शहराचा लाडका झाला होता. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. त्याच्या मुलांना लोकांनी हाकलून दिलं आणि आता सगळं हात वर करून ठरत असे. तरी गावोगाव न्यायाधीश पाठवून भांडणाच्या दोन्ही बाजू ऐकायची सवय लावली ती धन्यानेच, हे दोर्कोनही नाकारत नसे. धनी फार हळू बोलायचा. पहिल्या सभेत त्याचं ऐकू यावं म्हणून लोक भाले मागे ठेवून पुढे गेले होते, आणि परतले तेव्हा भाले धन्याच्या माणसांनी उचलून नेले होते. ही गोष्ट आता सगळे हसत सांगत.

किटोनने मान वर केली.

"मी इथलीच माती कालवली," तो कसाबसा, अगदी हळू म्हणाला. "माझी मुलं इथलीच आहेत."

ऐकू येत नाही, अशी तक्रार कुणी केली नाही. सभा उठली आणि पुढे आली. सगळी एकदम, एकाच पावलाने. काठ्या मागे गवतात राहिल्या. प्रत्येकाची मान, धन्याचं ऐकताना कलायची तशी, किंचित डावीकडे कललेली होती. धनी गेल्यावर जन्मलेल्या पोरांचीही.

"आम्हांला राहू द्या," किटोन पुटपुटला.

हात वर गेले. दवंडीवाल्याने अजून मत विचारलंही नव्हतं.

"ठरलं, किटोन राहणार," दवंडीवाला घाईने म्हणाला. "हात खाली घ्या."

कुणीच घेतले नाहीत.

किटोनला हुंदका आला. तो आवरून त्याने एक पाय दगडावरून खाली टाकला. दोर्कोन अगदी जवळ उभा होता. त्याचाही हात वर होता, डोळे अर्धवट मिटलेले.

"हं," धन्याशी बोलावं तसा दोर्कोन हळूच म्हणाला. "पुढचं सांगा."

किटोनजवळ सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याने वर उठलेल्या हातांवरून नजर फिरवली. मग खाली टाकलेला पाय त्याने पुन्हा दगडावर घेतला.