बारके घड

पैलवानाला आता पैलवान म्हणणं म्हणजे चेष्टाच होती. तीन महिन्यांच्या आजारपणाने अंगावर मूठभर मांस ठेवलं नव्हतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. केळीचे घड वाहायचे तर आपणच, हा हट्ट कायम. मुकादमाने बजावलं होतं, "आजचा दिवस बघतो. घड पडला तर तुम्ही शेडमधल्या हौदावर, केळ्यांच्या फण्या धुवायला."

हौदावर बसायचं म्हणजे म्हातारं व्हायचं.

घड कापायला त्याचा व्याही होता. जोडी वीस वर्षांची. एकाची पोर दुसऱ्याच्या घरी सून म्हणून आली, तेव्हापासून दोघे उगाच अहो-जाहो करू लागले होते. व्याह्याने खोडावर कोयता मारायचा, झाड हळूहळू वाकायचं आणि पैलवानाने पाठमोरं उभं राहून घड खांद्यावर झेलायचा. मागे वळून बघायचं नाही. इतका विश्वास लोकांचा सख्ख्या भावावर नसतो.

दुपारपर्यंत एकही घड पडला नाही. पैलवान खुशीत शेडमध्ये शिरला, तर हौदावर फण्या धुणारी सून म्हणाली, "मामंजी, आज सगळे बारकेच घड कसे?"

पैलवान तणतणत बागेत परतला. "व्याही, माझी कीव करताय? तो समोरचा थोरला काढा."

व्याह्याने कोयता मारला. घड खांद्यावर आला आणि पैलवानाचे गुडघे लटपटले. तेवढ्यात ओझं हलकं झालं. व्याह्याने मागून हात लावला होता.

शेडच्या दारात मुकादम उभा. "एका घडाला दोघं?"

"माझंच डोकं गरगरलं," व्याही म्हणाला. "ह्यांचा आधार घेऊन आलो." जन्मात खोटं न बोललेला माणूस, त्याचे कान लाल झाले.

"मग तुम्हीच बसा हौदावर."

पैलवानाने घड खाली ठेवला. "त्यांचं डोकं ठणठणीत आहे," तो म्हणाला. "गुडघे माझे गेलेत."

सुनेने सरकून जागा दिली. "मामंजी, देठाला धरा. फळ दाबलं तर आज दिसत नाही, पिकल्यावर काळं पडतं."

मग नव्या गड्याच्या खांद्यावरून घड येऊ लागले. एकजात थोरले. सगळी बागच तशी होती. त्यातून बारके हुडकायला हा माणूस सकाळपासून किती हिंडला असेल, ते पैलवानाला आत्ता कळलं.

"तुझ्या बापाला पाणी नेऊन दे," तो सुनेला म्हणाला. "फार चाललाय आज तो."