बाबलीच्या गालातली जखम

गावात गाऱ्हाणं घालावं ते बाबलीनंच, असा निदान बाबलीचा तरी ठाम समज होता. देवासमोर उभा राहून सगळ्यांसाठी मागणं मागू लागला की त्याचं तोंड अर्धा तास थांबत नसे; दर मागण्याला लोकांनी फक्त 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आणि मुलीचं, अक्षयाचं, लग्न दहा दिवसांवर आलेलं असताना त्याच तोंडात, डाव्या गालाला आतून, जखम ठाण मांडून होती. तीन आठवडे झाले तरी भरेना. पेजसुद्धा झोंबू लागली.

कारणं शोधण्यात बाबलीचा हात धरणारं कुणी नव्हतं. आधी म्हणाला, उष्णता. म्हणून पेलाभर सोलकढी रिचवली आणि ती झोंबली तसा अंगणभर नाचला. मग मेव्हण्याची नजर, मग कुणाची तरी करणी. मनात मात्र वेगळंच होतं. शेजारच्या वाडीतल्या सुशांतचा कॅन्सर असाच गालापासून सुरू झाला होता, नि तो वर्षभरात गेला. बाबली घाबरला होता, आणि ते बायकोला, शर्मिलाला, सांगायची त्याला लाज वाटत होती.

पण तिला सांगावं लागलंच नाही. "कसाल गावाक दातांच्या डॉक्टराकडे चला," ती म्हणाली.

"दात खंय दुखता गो माजो? गालाक झाला हा!"

"चला म्हणतंय ना!"

डॉक्टर पूजानं आरसा आत घातला. "मागच्या दाढेचा तुकडा उडालाय. ती धार रोज गालाला घासते, जखम भरणार कशी? कशानं तुटली?"

बाबली छताकडे बघू लागला. होणाऱ्या जावयासमोर ऐट म्हणून त्यानं भाजलेल्या काजूबिया दगड बाजूला सारून दाढेनं फोडल्या होत्या. शेवटी कबूल केलं. शर्मिलानं कपाळावर हात मारला.

डॉक्टरनं धार घासून बोथट केली. "तोंड येतं ते जागरणानं, ताणानं, जीवनसत्त्वं कमी पडल्यानंही. पण एकाच जागची जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर दाखवायलाच हवी. आठ दिवसांनी या. भरली नसेल तर जखमेचा छोटा तुकडा काढून तपासू."

ते आठ दिवस बाबलीनं देवाचं नाव घेत काढले. आठव्या दिवशी डॉक्टर म्हणाली, "भरली." बाबली खुर्चीतच रडला.

लग्नाच्या मांडवात त्यानं हात जोडले. "बा देवा म्हाराजा! कोणाची नजर नाय, कोणाची करणी नाय. तोंडाची वाट लावली ती माज्याच येडेपणान, म्हाराजा!"

एरवी लोक गप्पा मारता मारता साथ देत. आज पहिला आवाज शर्मिलाचा आला, आणि मागोमाग अख्खा मांडव ओरडला, "व्हय म्हाराजा!"