न्हाली गं बाई!

भिवराबाईच्या आणि चतुराबाईच्या अंगणात एकच भिंत, तीही कमरेएवढी. त्या भिंतीवर कोपरं टेकून भिवराबाई अख्ख्या गल्लीतल्या सुनांच्या पोटातलं ओळखायची. त्याला काही विद्या लागत नाही. पेडगावच्या त्या गल्लीत बाईनं डोक्यावरून न्हायचं ते महिन्यातून एकदा, पाळीच्या चौथ्या दिवशी. एरवी पाणी मानेखालीच. बाजूला बसायची रीत कापसाच्या वेचणीनं कधीच मोडली होती, हे न्हाणं तेवढं राहिलं होतं. सून केस मोकळे सोडून उन्हात बसली, की या महिन्यात काही नाही असं समजायचं. आणि महिना उलटूनही केस ओले दिसले नाहीत, की भिवराबाई भिंतीवरून खाकरायची. मग दिवस मावळायच्या आत गल्लीत बारशाच्या नावावरून भांडण जुंपलेलं असायचं. आपला अंदाज आजवर चुकला नाही, असं तिचं तीच सांगायची.

चतुराबाईची सून अपेक्षा. हिचे केस गुडघ्याला लागणारे. मुलगी बघायला गेली तेव्हा चतुराबाईनं पोह्यांना हात लावला नाही की शिक्षण विचारलं नाही. वेणी बघितली आणि म्हणाली, फोडा सुपारी. आता तेच केस घरात भांडणाचं मूळ झाले होते, कारण सुनेला पोलीस भरतीचं वेड लागलेलं. तांबडं फुटायला अपेक्षा कॅनॉलच्या पाळूवर पळायची आणि तिथून तशीच कापसात शिरायची. घाम आणि धूळ एवढ्या केसांत जाऊन बसली, की डोकं नुसतं भणभणायचं. रात्री खाजवून खाजवून नखात रक्त यायचं. पळणं सोडायची तर बातच नव्हती. पुढच्या भरतीला वय बसणार नव्हतं. ही शेवटची.

"आत्याबाई, मी आता दर तिसऱ्या दिशी डोकं धुणार," एक दिवस तिनं सरळ सांगून टाकलं.

"तिसऱ्या दिशी?" चतुराबाईच्या हातातली भाकर तव्यावर वाकडी पडली. "अगं माय! आन् कोणत्या वारी? सोमवार महादेवाचा, बुधवारी भावाच्या बहिणीनं न्हाऊ न्हाई, गुरुवारी लक्ष्मी जाती, शनिवारी तर नावच काढू नको."

"खाजंला वार कळतो का, आत्याबाई?"

"खाजंला न्हाई कळत, लोकाला कळतो. परवा न्हाली, आज न्हाली, काय समजायचं माणसानं? असले थेर माझ्या अंगणात चालायचे न्हाईत."

संगं पळणारी राजेश्री म्हणाली, "काप की गं, कशाला एवढा भारा वागवतीस?" अपेक्षाला तिचाही राग आला. "केस बी माझे आन् पळणं बी माझंच. दोन्हीतलं एक सोड म्हणणारी तू कोण?"

अंगणात नाही तर नाही. मळ्यातल्या विहिरीला कुणाची भिंत नव्हती. पळून झालं की ती थेट तिकडं जायची. नवरा हरिओम मोटार चालू करून पाठ फिरवून बांधावर बसायचा, आणि ही पाइपाखाली डोकं धरून घसाघसा न्हायची. पहिल्या दिवशी तर तिला हसूच फुटलं, एवढं डोकं हलकं झालं. केस बांधावर वाळवायचे, वेणी घट्ट घालायची आणि गुमान घरी यायचं. दर तिसऱ्या दिवशी. जन्मात कधी एवढी स्वच्छ राहिली नव्हती ती. पळण्यातही फरक पडला. राजेश्री मागं पडायला लागली.

पण भिंतीपलीकडं वेगळंच शिजत होतं. चतुराबाईच्या अंगणात ओले केस काही दिसेनात. एक महिना गेला, दुसराही निम्मा सरला, आणि भिवराबाई खाकरली.

"चतुरे, तोंड गोड कर. तुझी सून न्हाली न्हाई."

चतुराबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि पदरानं डोळे पुसले. लग्नाला चौथं वर्ष लागलं होतं, बिचारीनं एकही देव सोडला नव्हता. त्याच दिवशी तिनं शिरा केला आणि पाथरीला अपेक्षाच्या माहेरी फोन लावला. अपेक्षा कापसातून घरी येते तो दारात भिवराबाई, राजेश्रीची आई, आणखी चार बाया. कुणी गालावरून हात फिरवतंय, कुणी कानशिलावर बोटं मोडतंय.

"अहो, तसं काई न्हाई!" तिनं सांगितलं.

"लाजायलीय," भिवराबाई म्हणाली.

"लाजत न्हाई, खरं सांगायलेय. मागल्या हप्त्यातच झालं माझं."

"मंग न्हालीस कवा?"

"मळ्यात. विहिरीवर."

चतुराबाईनं कमरेवर हात ठेवले. "कुणी बघितलं?"

कुणी बघू नये म्हणूनच तर ती तिकडं न्हात होती. तिनं कापसातून पाठोपाठ आलेल्या हरिओमकडं पाहिलं. त्यालाही बोलायचं होतं, पण असली गोष्ट आईसमोर काढायची कशी? "पाणी तर म्याच सोडलं," एवढंच तो चपलेकडं बघत पुटपुटला.

"तू गप. बायकोचा बैल!" चतुराबाई कडाडली. "पळायच्या नादात लेकरू जाईल तर तू भरून देणार हाईस?" आणि तिनं अपेक्षाचे पळायचे बूट उचलले, लोखंडी पेटीत टाकले, कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावली. मंगळवारी परभणीला भरतीचं ग्राउंड होतं. मधे दोनच दिवस.

अपेक्षाला असा संताप आला की पेटीच फोडावी. आणि वर कीवही आली, कारण सासू शिऱ्याची वाटी घेऊन तिच्यामागं फिरत होती, "एक घास खा गं माय" म्हणत. तिकडून आईचा फोन. आई आनंदानं रडत होती. तिलाही खरं सांगून पटेना. रविवारी हरिओम म्हणाला, "मेडिकलमधून ते तपासायचं किट आणतो. दाखवू आईला, मिटंल."

"आज दाखवू. पुढल्या महिन्याला? दर महिन्याला दाखवत बसू का?" अपेक्षा विचारात पडली. चूक कुठं झाली ते तिला हळूहळू उमगायला लागलं. केस धुतले ते बरोबरच केलं. लपून धुतले तिथं माती खाल्ली. चोरासारखं न्हालं की माणूस चोरच ठरतो. "ते काई न्हाई," ती म्हणाली. "उद्या न्हाणार. इथंच."

"उद्या सोमवार हाय."

"असू दे."

सोमवारी चांगलं ऊन वर आल्यावर, गल्ली पुरती जागी झाल्यावर, तिनं अंगणातल्या चुलीवर हंडाभर पाणी ठेवलं. शिकेकाई उकळली. तिचा वास भिंत ओलांडून गेला तशी भिवराबाईची कोपरं भिंतीवर आली. अपेक्षानं परकर छातीवर बांधला, न्हाणीच्या दगडावर बसली आणि वेणी सोडली. केस दगडावरून खाली फरशीवर आले. पहिला तांब्या तिनं मुद्दाम उंचावरून ओतला.

"न्हाली गं बाई!" भिवराबाई अशी ओरडली की राजेश्रीच्या घरातली शेळी दावं तोडून पळाली. "चतुरे, भायेर ये! न्हाली! सोमवारची न्हाली!"

चतुराबाई धावत उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथंच मटकन बसली. अपेक्षानं चोळचोळून डोकं धुतलं आणि केस झटकून उन्हात उभी राहिली. मग भिंतीकडं तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "काकू, नीट ऐका. मी परवाच्या दिशी बी न्हाणार. त्याच्या पुढं बी, दर तिसऱ्या दिशी. माझे केस बघून कुणाला काईच कळायचं न्हाई, एवढी न्हाणार."

भिवराबाई बोटांवर काहीतरी मोजायला गेली आणि मधेच थांबली.

मग अपेक्षानं उंबऱ्याकडं वळून पाहिलं. सासू रडत होती. अपेक्षा ओल्या केसांनीच जवळ जाऊन बसली.

"आत्याबाई, मी आधीच सांगितलं होतं. तुमी ऐकलं न्हाई."

"आता काय तोंड दाखवू लोकाला?" चतुराबाईनं नाक शिंकरलं. मग त्या न्हाणीच्या दगडाकडं बघत एकदम बोलायला लागली, सुनेशी की स्वतःशी, कोण जाणे. "हरिओम व्हायच्या आधी लय वर्षं मी बी ह्याच दगडावर न्हाले. तवा ह्या भिवरीची सासू उभी राहायची त्या भिंतीला. मी पहिला तांब्या घेतला की खाकरायची, 'ह्या महिन्याला बी न्हाईच वाटतं' म्हणायची. मी शिकेकाई मुद्दाम डोळ्यात जाऊ द्यायची. मंग रडलं तरी कुणाला कळत न्हाई."

अपेक्षानं सासूचा हात धरला.

"आन् ते बंद झाल्यापून तर न्हायला काई निमित्तच न्हाई," चतुराबाई म्हणाली. "दिवाळीला न्हायचं, संक्रांतीला न्हायचं. मधी डोकं खाजलं तर कुणाला सांगावं? म्हाताऱ्या बाईला कशाला पाहिजे न्हाणं?" पदराआड हात घालून तिनं डोकं खाजवलं. मग हंड्याकडं बघितलं. "पाणी उरलंय का गं?"

"उरलंय की! लय हाय!"

चतुराबाई उठली. अंबाडा सोडला; मूठभर पांढरे केस पाठीवर आले. भिवराबाई भिंतीवरून जवळजवळ अंगणातच लोंबकळली. "चतुरे, तू गं कामून? आज काय हाय?"

"काई न्हाई. डोकं खाजायलंय."

दगडावर बसता बसता चतुराबाईनं कमरेला हात घातला, कनवट सोडली आणि किल्ली सुनेपुढं धरली. "धर ही. भिजंल." मग डोळे मिटून मान खाली घातली. "आन् जरा जोरानं चोळ. लय वर्षांची खाज हाय."